जुन्या पद्मिनीला खालून कोटिंग मारताय? आधी या चुका टाळा

जुनी पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० रॅम्पवर चढवली आणि खालून डांबराचा जाड, काळाकुट्ट थर दिसला की मालक निश्चिंत होतो. गाडी विकत घेतानाही बरेच जण तो काळा थर पाहूनच ‘खालून चांगली आहे’ असं ठरवून टाकतात. फवारलेलं कोटिंग एकच काम करू शकतं. कोरडा, स्वच्छ, शाबूत पत्रा ते कोरडा ठेवतं. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर मारलं तर तेच कोटिंग ओल आत कोंडतं आणि गंज नजरेआड वाढत राहतो. पाचसहा पावसाळ्यांनी पाना निसटून फ्लोरवर आपटतो आणि आरपार जातो, तेव्हा दोष गाडीच्या वयाला दिला जातो.

या गाड्यांच्या बाबतीत ही चूक जास्त महागात पडते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी ही गाडी १९७४ पासून पद्मिनी नावाने विकली गेली आणि २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता फ्लोर, सिल, मडगार्डचा आतला भाग गेला तर तो बहुतेक वेळा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून हाताने घडवावा लागतो, आणि तसे कारागीर कमी होत चालले आहेत. शिवाय या गाडीला वेगळी चासी नाही. फ्लोर, दाराखालची पेटी म्हणजे सिल, आणि आडवे क्रॉस मेंबर मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. ते गंजले म्हणजे गाडीचा कणाच गेला. अ‍ॅम्बेसेडरचंही तसंच आहे, त्यामुळे खालचं जवळजवळ सगळं तिलाही लागू पडतं.

गळती तशीच ठेवून कोटिंग मारणं

पद्मिनीचा फ्लोर बऱ्याचदा वरून, म्हणजे गाडीच्या आतून गंजायला लागतो. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन चिरतं, दारांची रबरं चपटी होतात, पाणी पायाशी उतरतं आणि रबरी मॅटखालच्या नमद्यात, म्हणजे जाड फेल्टच्या थरात मुरतं. नमदा ते पाणी आठवडेच्या आठवडे सोडत नाही. अशा फ्लोरला खालून कोटिंग मारलं की पत्र्याला सुकायची जी एक बाजू उरली होती तीही बंद होते.

म्हणून कामाची सुरुवात गाडीखाली शिरून करू नका. सीट, मॅट, नमदा काढा. एक माणूस आत टॉर्च घेऊन बसू द्या आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने साधं, दाब नसलेलं पाणी सोडावं. आधी दारांच्या खालच्या कडेवर, मग दारांच्या रबरांवर, मग पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांवर, शेवटी वरच्या कडेवर. खालून वर जाण्याला कारण आहे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकी गळकी जागा कळत नाही. प्रत्येक ठिकाणी तीनचार मिनिटं द्या. डिकीत स्पेअर व्हील ठेवायची खोलगट जागाही याच वेळी तपासा. मागच्या काचेचं किंवा डिकीचं रबर गळत असेल तर पाणी तिथे येऊन साठतं.

काचेचं रबर नवीन बसवायचं असेल तर आता बसवा. फ्लोरची भोकं बुजवणारी रबरी बुचं स्वस्त मिळतात, तीही सगळी बदला. जुना नमदा कितीही वाळवला तरी परत घालू नका.

टकटक न करता पत्रा चांगला मानणं

काळ्या थराखाली काय आहे ते हाताने कळतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोरवर बोटभर अंतराने ठोकत जा. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो. जिथे आवाज दबका, पोकळ येतो तिथे कोटिंग पत्र्यापासून सुटलंय किंवा खाली गंजाच्या खपल्या आहेत. त्या जागी टोकदार स्क्रू-ड्रायव्हर बेताच्या जोराने दाबा. आत गेला तर दुःख करू नका, ते भोक आधीपासूनच होतं.

हमखास गंजणाऱ्या जागा म्हणजे पुढच्या दोन्ही पायांखालचे कोपरे, सिलची पूर्ण लांबी आणि विशेषतः तिची मागची टोकं, जॅक लावायची जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला बसतात तो भाग, चाकांच्या कमानीच्या मागे चिखल साठतो ती खाच, आणि डिकीचा तळ. पाट्यांचे हँगर आणि सिल यांच्याशी तडजोड करू नका, कारण तिथे गाडीचं वजन येतं.

एक सोपी कसोटी आहे. गाडी सपाट जागेवर उभी असताना चारही दारांच्या फटी नीट पाहून ठेवा. मग मागची बाजू जॅकने हळूहळू उचला. फटी बदलल्या, दार उघडताना घासायला लागलं, तर सिल आतून पोकळ झाल्यात. अशा गाडीला आज कोटिंगची गरज नाही, तिला वेल्डिंग हवं. आणि सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी नळी किंवा अँगल तात्पुरता वेल्ड करून घ्या. नाहीतर बॉडी मध्येच बसते आणि नवीन सिल त्या वाकड्या मापातच कायमची जोडली जाते.

जुन्या गंजक्या पत्र्यावर नवा तुकडा ठेवून रिव्हेट किंवा वेल्डिंगचे चार टाके मारणं, वर लांबी (पुट्टी) भरणं आणि त्यावर कोटिंग फवारणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत ओल धरते आणि तुकड्याच्या कडेने पुन्हा गंज फुटतो. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढा, तेवढ्याच मापाचा तुकडा कडेला कड लावून किंवा अगदी थोडी कड एकमेकांवर चढवून वेल्ड करा. कड चढवली असेल तर ती जागा आधी वेल्डमधून चालणाऱ्या झिंक प्रायमरने रंगवा. लांबी गाडीखाली कुठेच नको. ती पाणी शोषते आणि पत्रा थरथरला की सुटते. वेल्डिंगच्या आसपासचं जुनं डांबर किमान १५ सेंमीपर्यंत खरवडून काढा आणि पलीकडच्या बाजूला सीट किंवा नमदा राहिला नाही ना ते पाहा, ते पटकन पेट घेतं.

जुन्या डांबरावर, जुन्या ऑइलवर नवा थर

आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की खालून डिझेल किंवा जुनं ऑइल फवारायची पद्धत आहे. पाट्यांना त्याने थोडा फायदा होत असेल, पण रबरी बुश फुगतात आणि मऊ पडतात, धूळ चिकटून त्याचा चिखल होतो, आणि त्यावर मारलेलं कोणतंही कोटिंग वर्षभरात पापुद्र्यासारखं सुटतं. वर्षानुवर्षं असं ऑइल बसलेली गाडी एकदा धुऊन भागत नाही. डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, दाबाच्या पाण्याने धुवा, आणि पांढरं फडकं फिरवून पाहा. फडकं स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करा. बहुतेक गाड्यांना तीन फेऱ्या लागतात.

किनारपट्टीवरच्या गाड्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. समुद्राजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी खारं असेल तर त्याने शेवटची धुलाई करू नका. पत्र्यावर राहिलेलं मीठ कोटिंगमधून ओल खेचून घेतं आणि काही महिन्यांत थराखाली पाण्याचे फोड येतात. शेवटचं पाणी गोडं हवं आणि भरपूर हवं.

जुनं डांबर काढायचं की ठेवायचं? घट्ट बसलं असेल, ठोकल्यावर खणखणीत वाजत असेल, भेगा नसतील तर ठेवायला हरकत नाही. त्यावर मेणाचं कोटिंग चालतं. पण त्यावर सॉल्व्हंट असलेलं नवं कोटिंग मारायचं तर आधी वीतभर जागेवर मारून दोन दिवस थांबा. जुना थर सुरकुतला किंवा मऊ झाला तर सगळं काढावं लागणार. आणि एकदा मेण मारलेल्या पत्र्यावर डांबर, रबर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) काहीच धरत नाही. मेण पूर्ण काढल्याशिवाय तो विचारही करू नका.

काढताना थेट ग्राइंडरला तारेचा ब्रश लावू नका. घर्षणाने डांबर तापतं, वितळतं आणि पत्र्यावर पसरतं. हीट गनने मऊ करून पसरट पटाशीने सोला, उरलेला डाग केरोसीनने पुसा आणि मग केरोसीनचा अंश डीग्रीझरने काढा. हीट गन लावताना पेट्रोलची टाकी आणि पाइप गाडीतून काढलेले हवेत, नुसते झाकून चालत नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ड्रमभोवतीची धूळ हवेने उडवू नका, ओलं करून पुसा. अ‍ॅम्बेसेडरच्या पुढच्या सस्पेन्शनमधल्या टॉर्शन बारवर पटाशी किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. त्यावरचा खोल ओरखडा पुढे तडा जाण्याची जागा ठरू शकतो.

धुतल्यानंतर गाडी किमान दोन दिवस उघड्या, हवेशीर जागी वाळू द्या. सांध्यांत पाणी राहतंच, तिथे कंप्रेसरची हवा मारा.

गंजावर रेड ऑक्साइड, त्यावर कोटिंग

साधा रेड ऑक्साइड प्रायमर सच्छिद्र असतो. तो एकटा पाणी थांबवू शकत नाही, आणि गंजाच्या खपल्यांवर मारला तर खपल्यांबरोबरच गळून पडतो. या कामाला टू-पॅक, म्हणजे वापरताना हार्डनर मिसळायचा इपॉक्सी प्रायमर घ्या.

आधी खपल्यांचा गंज पूर्ण काढा. वायर ब्रश, स्ट्रिप डिस्क, जमल्यास सँड ब्लास्टिंग. पातळ पत्र्यावर ब्लास्टिंग करायचं तर दाब कमी ठेवणारा कारागीर हवा, नाहीतर कणांच्या माऱ्याने पत्रा ताणला जाऊन लाटांसारखा होतो. खड्ड्यांमध्ये जो काळपट गंज उरतो त्यासाठी रस्ट कन्व्हर्टर असतं. त्यातलं फॉस्फॉरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचं स्थिर संयुगात रूपांतर करतं. इथे दोन चुका होतात. एक, जाड खपल्यांवरच कन्व्हर्टर ओततात. त्याने वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा गंज तसाच राहतो. दुसरी जास्त घातक आहे. फॉस्फॉरिक आम्लाचा अंश न धुता त्यावर इपॉक्सी मारतात. आम्ल राहिलं तर इपॉक्सी नीट पकडत नाही. कन्व्हर्टरच्या डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा, लगेच वाळवा, आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. उघडा पत्रा दमट हवेत रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पिवळसर झाक आलेली असते, मग पुन्हा घासणं आलं.

इपॉक्सीचं हार्डनरचं प्रमाण कंपनीप्रमाणे बदलतं. अंदाजाने ओतू नका, मापाचा कप वापरा. मिसळून झाल्यावर डब्यावर लिहिलं असेल तेवढा वेळ थांबून मग मारा. पद्मिनीची खालची बाजू आणि चार कमानी मिळून साधारण ७ चौरस मीटर धरा. दोन हातांसाठी (थरांसाठी) तयार मिश्रण २ लिटर पुरतं. प्रायमरवर पुढचा थर किती तासांच्या आत मारायचा याची मुदत डब्यावर दिलेली असते. ती उलटली असेल तर २४० नंबरच्या पेपरने किंवा स्कॉच पॅडने चमक घालवल्याशिवाय पुढे जाऊ नका. चकचकीत, कडक झालेल्या इपॉक्सीवरून कोटिंग सालासारखं निघतं.

सांध्यांमध्ये बाथरूमचं सिलिकॉन

पत्र्यांचे सांधे कोटिंगने बुजत नाहीत. कोटिंग सांध्यावरून पुलासारखं जातं, गाडी खड्ड्यात पिळली की तिथेच चिरतं आणि पाणी केशाकर्षणाने आत ओढलं जातं. त्यासाठी आधी सीम सीलर लागतो, तोही पीयूचा किंवा एमएस पॉलिमरचा. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं. ते पत्र्याला गंज लावतं आणि त्यावर रंगही धरत नाही, कोटिंगही धरत नाही.

सीलर उघड्या पत्र्यावर भरू नका, इपॉक्सीवर भरा. ६ मिमी जाडीची सलग रेघ ओढली तर ३१० मिलीची एक ट्यूब १० मीटरच्या आसपास जाते. पूर्ण गाडीला तीन ट्यूब आणून ठेवा. ओल्या बोटाने किंवा ब्रशने रेघ सांध्यात दाबा. पाणी बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या फटी मात्र सीलरने बंद करू नका. सिलच्या खालच्या कडेला आणि दारांच्या तळाला अशा फटी असतात.

दमट हवेत, घाईने फवारणी

पाऊस तोंडावर आला की सगळ्यांना कोटिंगची आठवण होते. मुंबई-कोकणात या कामाचा खरा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, किमान ३ अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू जवळजवळ २६ अंशांवर असतो. दोनच अंशांचा फरक. रात्रभर गार झालेला पत्रा सकाळी त्याहूनही खाली असतो आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसलेला असतो. तेच नोव्हेंबरात पुण्याला २५ अंश आणि ५० टक्के असेल तर दवबिंदू १४ च्या आसपास, म्हणजे बिनधास्त काम करा. मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दवबिंदू दिसतो. सकाळी दहानंतर सुरू करून दुपारी तीन-चारला संपवणं सगळ्यात चांगलं.

कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी फवारणीआधी काढा आणि नळीवर वॉटर सेपरेटर लावा. दमट हवेत टाकीतून पेलाभर पाणी सहज निघतं. ते सगळं नाहीतर थराच्या पोटात जाणार.

जिथे मारायचं नाही तिथे मारणं

हा भाग गॅरेजमध्ये सर्वात घाईने उरकला जातो, म्हणून जरा सविस्तर.

डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या वर हवा जायला छोटं ब्रीदर असतं. ते कोटिंगने बुजलं की ऑइल तापल्यावर आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर पडतं. मागच्या अ‍ॅक्सलचं सील गळलं की ऑइल थेट ब्रेक ड्रममध्ये. मग ब्रेक एका बाजूला ओढतो आणि कारण कोणालाच सापडत नाही.

प्रोपेलर शाफ्टवर एका बाजूला थोडं जरी जाड कोटिंग बसलं तरी तोल बिघडतो आणि वेग वाढला की गाडी थरथरते. शाफ्ट, त्याचे क्रॉस आणि ग्रीस निपल पूर्ण झाका. सायलेन्सर आणि त्याचा पाइप काढून ठेवता आला तर उत्तम. त्यावर उडालेलं डांबर आठवडाभर जळत राहतं आणि तो वास आत येतो. ब्रेकचे रबरी होज, ड्रम, हँडब्रेकची केबल, सस्पेन्शनचे बुश आणि बंप स्टॉप, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडा, इंजिन माउंटिंग, अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बसते ती जागा, टाकीचं व्हेंट, हे सगळं प्लास्टिक आणि मास्किंग टेपने गुंडाळा. मागच्या पाट्यांवरही कोटिंग नको. पाटे एकमेकांवर सरकायला हवेत, आणि थर चिरून पाणी मधे शिरलं की ते बाहेर येत नाही. पाटे सोडवून साफ करून ग्रीस लावणं हाच त्यांचा उपाय.

लोखंडी ब्रेक पाइपवर काळा थर देणं घातक आहे, कारण खाली पाइप गंजून पातळ झालेला दिसतच नाही. पाइप खराब असेल तर बदला, चांगला असेल तर उघडा ठेवा.

चासी नंबर जिथे ठोकलेला असेल तिथे टेप लावा. आरटीओच्या कामाला पेन्सिलने त्याचा ठसा घ्यावा लागतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या गाड्यांच्या मालकांनी तर हे विसरूच नये.

ड्रेनच्या भोकांमध्ये कागदाची गुंडाळी घट्ट घाला आणि फवारणी संपल्यावर थर ओला असतानाच ओढून काढा. वाळल्यावर ओढली तर कडेचा थर उचकटून येतो.

गन, हवा आणि जाडी

साधी रंगाची गन या कामाला चालत नाही, तिचं नोझल तुंबतं. एक लिटरच्या बाटलीवर थेट बसणारी अंडरबॉडी कोटिंग गन घ्या. हवा ४५ ते ६० पौंड, अंतर २० ते ३० सेंमी. दाब जास्त ठेवला किंवा गन जवळ नेली तर थरात हवेचे बुडबुडे अडकतात आणि सुकल्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. बाटली हिवाळ्यात घट्ट झाली तर गरम पाण्याच्या बादलीत दहापंधरा मिनिटं ठेवा. त्यात केरोसीन, पेट्रोल किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर घालू नका.

किती माल लागेल? एक लिटर १ चौरस मीटरवर पसरलं तर ओला थर १ मिमी होतो. दोन हात, प्रत्येकी ०.४ मिमी ओला थर, ७ चौरस मीटर, म्हणजे ५.६ लिटर. उडून जाणारा भाग धरून ७ बाटल्या आणा. चार बाटल्यांत ‘पूर्ण गाडी’ करून देतो असं कोणी म्हणालं तर थर कुठेतरी पातळ राहणार, आणि तो बहुधा कमानींमध्ये राहतो, जिथे चाकांचे खडे थेट आदळतात. ओल्या थराची जाडी मोजायची दातेरी पट्टी अगदी कमी किमतीत मिळते, ती जरूर वापरा.

एकाच हातात जाड थर देण्याचा मोह टाळा. वरची साय आधी सुकते, आतलं सॉल्व्हंट अडकतं, खालचा भाग महिनोन् महिने मऊ राहतो आणि शेवटी थर भेगाळतो. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मधे डब्यावर लिहिलेला वेळ. दमट दिवशी तो वेळ वाढवा.

बाहेरून दिसणाऱ्या सिलवर आणि पुढच्या एप्रनवर (बंपरखालच्या पत्र्यावर) डांबराचं कोटिंग मारून वर बॉडीचा रंग देऊ नका. डांबर रंगातून वर येतं आणि पांढऱ्या किंवा क्रीम गाडीवर तपकिरी डाग पडतात. तिथे रंग धरणारं, अ‍ॅक्रिलिक किंवा पीयूचं स्टोन-चिप कोटिंग वापरा.

सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साठते. खड्ड्यात उतरून फवारणी करू नका. बॅटरीची जोडणी सोडवा, हॅलोजनचा दिवा नको. तोंडावर रुमाल किंवा धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, वाफेसाठी असलेल्या कार्बन फिल्टरचा हाफ मास्क आणि गॉगल हवा. टू-पॅक पीयूमध्ये आयसोसायनेट असतं, ते बाहेरून हवा देणाऱ्या मास्कशिवाय घरी मारूच नये. गाडी नुसत्या जॅकवर कधीच नको, चारही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा.

पेटीच्या आतलं विसरणं

सिल आणि क्रॉस मेंबर आतून गंजतात. बाहेर कितीही सुंदर थर दिला तरी आतल्या उघड्या पत्र्याला त्याचा काही उपयोग नाही. तिथे कॅव्हिटी वॅक्स लागतं, पातळ, रांगत जाणारं, सांध्यात शिरणारं मेण. लांब नळीच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारं नोझल असतं. नळी पेटीच्या टोकापर्यंत सरकवा, गन चालू करा आणि हळूहळू मागे ओढा. सगळ्या पेट्यांना मिळून २ ते ३ लिटर पुरतं. खालच्या ड्रेनमधून मेण ठिबकू लागलं की आत पोचल्याची खात्री. ठिबकणं थांबल्यावर भोकात तार फिरवून ते मोकळं करा.

हे काम सर्वात शेवटी. आधी मेण मारलं आणि नंतर वेल्डिंगची आठवण झाली, तर पेटीच्या आत आग लागते आणि ती बाहेरून विझवता येत नाही. शिवाय सांध्यातून झिरपलेल्या मेणावर बाहेरचं कोटिंग धरत नाही.

काम झाल्यावर बिघाड दिसला तर

थर मोठ्या पापुद्र्यांत निघतोय आणि मागची बाजू चकचकीत आहे : खालचा रंग किंवा प्रायमर खरवडला नव्हता. मागच्या बाजूला तेलकट धूळ असेल तर धुलाई कमी पडली. दोन्ही वेळा सुटलेल्या भागाच्या चार बोटं पलीकडपर्यंत काढा, कड उतरती करा आणि प्रायमरपासून पुन्हा सुरुवात करा.

फोड आलेत : एक फोडून पाहा. आत पाणी असेल तर ओल किंवा मीठ अडकलंय, पत्र्यापर्यंत काढावं लागेल. आत पाणी नाही आणि सॉल्व्हंटचा वास येतोय तर थर जाड झाला होता. तेवढा भाग कापून, सुकू देऊन पातळ हात द्या.

आठवड्यानंतरही बोटाला चिकटतंय : जाड थर, दमट हवा, किंवा चुकीचं थिनर. कोरडी हवा आणि पंखा देऊन आणखी आठवडाभर वाट पाहा. केरोसीन मिसळलं असेल तर वाट पाहून उपयोग नाही, काढून टाका.

सांध्यातून तपकिरी ओघळ येतोय : गंज आतून येतोय. त्यावर आणखी एक हात मारला तर तुम्हाला दिसणारी खूण तेवढी जाईल. जवळच्या भोकातून मोबाइलला जोडायचा कॅमेरा आत घालून पाहा. पत्रा शाबूत असेल तर आत वॅक्स मारा, खपल्या दिसल्या तर पेटी उघडावी लागेल.

गाडी वळवताना दारात किंवा सिलमध्ये पाणी हिंदकळल्याचा आवाज येतोय : ड्रेनचं भोक बुजलंय. आजच उघडा.

हँडब्रेक सुटत नाही : केबलवर आणि तिच्या गाइडवर कोटिंग बसलंय. केरोसीनच्या फडक्याने पुसा, केबल हलती करा, ग्रीस द्या.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात गाडी एकदा गोड्या पाण्याने खालून धुवा, दोन दिवस वाळवा आणि टॉर्च घेऊन कमानी, सिलची टोकं, पाट्यांचे हँगर पाहा. खड्याने उडालेला नखाएवढा टवका तेव्हाच घासून, इपॉक्सीचा थेंब लावून, ब्रशने कोटिंग देऊन मिटवा. किनाऱ्यावर गाडी नेली असेल तर ऑक्टोबरची वाट पाहू नका, घरी आल्याच्या दिवशीच धुवा.